सातबाऱ्यातली तिरपी रेघ

परवा दुपारी दत्त चौकाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी माझं काम बाजूला ठेवून तासभर थांबले. समोर वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा उभा होता. कळंब तालुक्यातल्या एका गावचा. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातातल्या पिशवीत वडिलांच्या नावाचे कागद. एका कार्यालयाने त्याच्याकडे मेलवर सातबारा मागितला होता. त्याने पाठवला. तिसऱ्या दिवशी तिकडून फोन आला, फाइल उघडत नाही. त्याने पुन्हा पाठवला. पुन्हा तोच फोन. मग एक दिवसाची मजुरी बुडवून तो एसटीने यवतमाळला आला.

"म्या तं दोनदा पाठवला ना ताई. सेंटमधी दिसून राह्यला. मंग त्यायले काहून दिसत नाही?"

दुकानदार म्हणाला, "परत पाठव."

परत पाठव! तीच फाइल, त्याच वाटेने, तिसऱ्यांदा. आपल्याकडे मेलच्या दुखण्यावर हा एकच काढा ठरलेला आहे, कार्यालयापासून कॉलेजपर्यंत. कुलूप उघडत नाही म्हणून तीच चुकीची किल्ली तीनदा फिरवण्यातला हा प्रकार. किल्ली का लागत नाही हे कुणी बघत नाही आणि भाडं मात्र त्या मुलाच्या खिशातून जातं.

मी त्याची फाइल बघितली. पुण्याला शिकणारा मामेभाऊ दिवाळीत गावी आला होता. त्याने आपल्या आयफोनवर सातबाऱ्याचा फोटो काढला, तो मॅकबुकवर घेतला, हौसेने मराठीत नाव दिलं, "बाबांचा ७/१२", आणि भावाला मेल केला. भावाने तोच मेल पुढे ढकलला. मुलं हुशार आहेत, काम नीट केलं त्यांनी. तरीही त्या एका फाइलमध्ये दोन अडथळे होते आणि त्यातला एकही त्यांना कुणी कधी सांगितलेला नव्हता.

पहिला अडथळा फोटोचा. आयफोन २०१७ पासून फोटो एचईआयसी या प्रकारात साठवतो. जागा कमी लागते, चित्र चांगलं राहतं. काही वाटांनी पाठवला तर तो आपोआप जेपेग होऊन जातो, काही वाटांनी जसाच्या तसा जातो. सरकारी टेबलावरच्या जुन्या विंडोजला हा प्रकार ओळखताच येत नाही. इलाज दोन मिनिटांचा आहे: आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, त्यात "मोस्ट कम्पॅटिबल". एवढं केलं की पुढचे सगळे फोटो जेपेगमध्येच निघतात.

दुसरा अडथळा नावातला. हा मला जास्त लागला.

गाव नमुना सात म्हणजे जमिनीच्या हक्काची नोंद आणि बारा म्हणजे पिकाची. दोन आकड्यांच्या मध्ये एक तिरपी रेघ. आमच्या जिल्ह्यात या रेघेवर कर्ज मिळतं, विमा मिळतो, भावाभावांत कोर्टकचेरी होते, सोयरीक ठरते नि मोडते. आणि विंडोज ही रेघ फाइलच्या नावात घेतच नाही. नऊ चिन्हं त्याने नावातून बाद केली आहेत, त्यात ही आहे. कारण संगणकाच्या घरात ही रेघ म्हणजे धुरा, शेताचा बांध. एक फोल्डर कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं हे तिच्यावरून कळतं. युनिक्सने धुऱ्यासाठी तिरपी रेघ धरली. मायक्रोसॉफ्टच्या डॉसमध्ये ती रेघ आधीच दुसऱ्या कामाला जुंपलेली होती, म्हणून १९८३ मध्ये तिथे फोल्डर आले तेव्हा उलटी तिरपी रेघ घेतली गेली. जुन्या मॅकने दोन टिंबं घेतली. तीन शेजारी, तीन तऱ्हेचे धुरे. त्यामुळे मॅकवर मामेभावाला "७/१२" हे नाव खुशाल देता आलं आणि तीच फाइल विंडोजच्या शिवारात उतरली तेव्हा मधल्या रेघेच्या जागी भलतंच चिन्ह बसलेलं होतं.

धुऱ्यावरून डोकी फुटतात हे यवतमाळला शिकवावं लागत नाही. पण संगणकातला धुरा त्या मुलाला कुणी दाखवला होता? एमएससीआयटीच्या प्रमाणपत्राने? कॉलेजने? मेलवर कागद मागवणाऱ्या कार्यालयाने? ज्यांनी मागवला त्यांनी दोन ओळी लिहिल्या असत्या, "फाइल पीडीएफ हवी, नावात चिन्हं नकोत," तर एका घराची दिवसाची मजुरी वाचली असती.

टपालखात्याने आपल्याला एक फार चांगला शब्द दिला होता. पोच. रजिस्टर पत्राबरोबर पोचपावती यायची, तिच्यावर घेणाऱ्याची सही असायची. मेलमधलं "सेंट" म्हणजे ती पोच, असं आपण धरून चाललो आहोत. तसं ते नाही. पत्र तुमच्या हातून निघालं, एवढंच ते सांगतं. ते वाटेत कुठल्या गाडीतून कुठल्या गाडीत चढलं, उतरताना फाटलं का, घेणाऱ्याला वाचता आलं का, यातलं काहीही नाही.

गाडी बदलणं म्हणजे काय ते आमच्या जिल्ह्याने शंभर वर्षं बघितलं आहे. यवतमाळहून मूर्तिजापूरला जायची ती शकुंतला रेल्वे. किलिक निक्सन कंपनीने बांधलेली. रूळ अडीच फुटांचे. पलीकडे मूर्तिजापूरला मुंबई-नागपूरची मोठी लाइन, रूळ साडेपाच फुटांचे. कापूस इथे पिकायचा, गठाणी इथे बांधल्या जायच्या, पण शकुंतलेचा डबा मोठ्या रुळावर चढू शकत नव्हता. गठाण या डब्यातून उतरवायची, त्या डब्यात चढवायची. माल तोच, रूळ वेगळे. हमालाने गठाण नीट उचलली तर मुंबईला कापूस पोचायचा, नाहीतर ओला, फाटका.

मेलचंही असंच आहे. मेल ज्या रुळावरून धावतो तो रूळ १९८२ मध्ये टाकला गेला, जॉन पोस्टेल यांनी लिहिलेल्या नियमांनी. तो अरुंद रूळ आहे. इंग्रजी अक्षरं, आकडे, थोडी चिन्हं, सगळी मिळून १२८ जागा. फोटो, गाणं, मराठी अक्षर यांना त्या डब्यात बसायला जागाच नाही. मग १९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड या दोघांनी गठाण बांधायची रीत काढली. माइम म्हणतात तिला. कुठलीही फाइल घ्या, तिला साध्या इंग्रजी अक्षरांच्या लांबलचक ओळींत गुंडाळा, वर चिठ्ठी लावा: आत फोटो आहे, नाव अमुक, या पद्धतीने सोडा. पलीकडचा हमाल चिठ्ठी वाचतो आणि गठाण सोडतो. ११ मार्च १९९२ ला बोरेनस्टाइन यांनी पहिला असा मेल पाठवला. त्याच्यात त्यांच्या गाणाऱ्या मित्रमंडळींचा फोटो होता आणि त्यांनी म्हटलेलं गाणंही होतं. या रीतीने मेलला जोडून गेलेल्या त्या पहिल्या गोष्टींत एक गाणं होतं, हे मला फार आवडतं. त्याचं कारण पुढे येईल.

गठाणीचं उदाहरण एका जागी उलटं होतं. प्रेसिंगमध्ये कापूस दाबून गठाण लहान होते. मेलमध्ये गुंडाळताना माल फुगतो. तीन पोती माल बांधायला चार पोती लागतात. म्हणून समोरच्या सर्व्हरची मर्यादा २५ एमबीची असली आणि ती बांधून झालेल्या मेलला लावलेली असली, तर १८-१९ एमबीच्या वरची फाइल तुमच्याकडे लहान दिसते आणि तिकडे दारातून आत जात नाही. "माझी तर २२ ची आहे, २५ चालतात ना!" असं म्हणत लोक चिडतात. चिडणं बरोबर आहे, आकडा सांगणाऱ्याने अर्धाच सांगितला होता. मोठी फाइल ड्राइव्हवर ठेवून दुवा पाठवावा, आणि तो दुवा कुणालाही उघडेल असा केला आहे ना, हे दुसऱ्याच्या मोबाइलवर बघावं. "परवानगी मागा" अशी पाटी बघत बसलेली माणसं मी रोज पाहते.

कधी मेलला जोडून "विनमेल.डॅट" नावाची फाइल येते आणि तिच्यात काय आहे ते कुणालाच कळत नाही. पाठवणाऱ्याच्या आउटलुकने सगळा माल आपल्या खासगी पद्धतीच्या पेटीत बंद केलेला असतो. पाठवणाऱ्याला सांगायचं, रिच टेक्स्ट बंद कर, एचटीएमएल किंवा साधा मजकूर ठेव, आणि पुन्हा पाठव. इथे "परत पाठव" बरोबर आहे, कारण काय बदलायचं ते त्यात सांगितलेलं आहे.

आता माझ्या खऱ्या दुखण्याकडे येते. मराठीकडे.

इंग्रजी फाइल उघडली नाही तर अडचण होते. मराठी फाइल उघडली आणि वाचता आली नाही तर वेगळंच काहीतरी होतं. घरच्या माणसाने ओळख दाखवू नये तसं. मराठी बिघडली की ती पाच तऱ्हांनी बिघडते, आणि कुठल्या तऱ्हेने बिघडली ते डोळ्यांना दिसतं. ते वाचायला शिकलं पाहिजे, नाडी बघायला शिकतात तसं.

अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर घाबरायचं नाही. मजकूर शाबूत आहे, या यंत्रावर फाँट नाही इतकंच. वेलांटीशेजारी टिंबांचं गोल कडं दिसलं, तर यंत्राला अक्षरं जोडता येत नाहीत किंवा मात्रा तिच्या जागी नाही. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि त्यामागे चार कोपऱ्यांना किरण फुटलेलं गोल चिन्ह, किंवा जपानी येनचं चिन्ह, अशी रांगच्या रांग दिसली तरीही मराठी जिवंत आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत आपलं प्रत्येक अक्षर तीन बाइटांत बसतं. वाचणाऱ्या प्रोग्रामने ते तीन तुकडे तीन वेगळी अक्षरं म्हणून वाचले, एवढाच घोळ. एन्कोडिंग यूटीएफ-८ करा, मराठी परत येते. पण सरळ प्रश्नचिन्हांची माळ दिसली तर ती मराठी गेली. मधल्या कुठल्यातरी यंत्राने तिला ओळखलं नाही आणि तिच्या जागी प्रश्नचिन्ह लिहून टाकलं. तिथून काही परत येत नाही. मूळ मागवा.

आणि नुसतीच इंग्रजी अक्षरं दिसली, अर्थ न लागणारी, तर तो जुना फाँट. या रोगाने मराठीचं जेवढं नुकसान केलं तेवढं बाकी सगळ्यांनी मिळून केलं नसेल.

ज्यांनी ती वर्षं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. नव्वदच्या दशकात संगणक डीटीपीच्या दुकानात आले तेव्हा त्यांना देवनागरी येत नव्हती. मग युक्ती निघाली. संगणकाला वाटत राहू द्या की आपण इंग्रजी लिहितो आहोत. फक्त अक्षरांचे चेहरे बदला. कृतिदेव हा फाँट घ्या. त्यात "मराठी" लिहिलं की संगणक साठवतो ते असं: ई, जे, के, मोठा बी, एच. फाँट लावलेला असेपर्यंत डोळ्यांना "मराठी" दिसतं. फाँट काढला की खाली उघडी पडतात ती पाच इंग्रजी अक्षरं. आणि आमचं गाव? यवतमाळ त्या फाँटात अर्धविरामाने सुरू होतं. अर्धविराम, ओ, आर, ई, के, मोठा जी. या जिल्ह्याचं नाव हजारो फाइलींत वर्षानुवर्षं अर्धविराम बनून पडलेलं आहे.

दर कंपनीचा फाँट वेगळा, दर फाँटाची गुप्त लिपी वेगळी. एकाचा "क" दुसऱ्याचा "झ". काही फाँटांनी तर इंग्रजीच्या पलीकडच्या वरच्या खणांत अक्षरं ठेवली. ते खण विंडोजमध्ये एका क्रमाने आणि मॅकमध्ये दुसऱ्या क्रमाने. त्यामुळे फाँट दोन्हीकडे असूनही मजकूर इकडून तिकडे जाताना विस्कटायचा. फाइल पाठवणारे मग फाँटही जोडून पाठवायचे. पत्राबरोबर चष्मा पाठवावा तसा.

१९१८ मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी यवतमाळातून "लोकमत" साप्ताहिक काढलं. नाव लोकमान्य टिळकांनी दिलेलं. तेव्हा शिशाचे खिळे जुळवून छापत. जुळाऱ्याने "य"चा खिळा उचलला तर कागदावर "य"च उमटे. ते यवतमाळात वाचा, पुण्यात वाचा, शंभर वर्षांनी वाचा, "य" तो "य". आपण संगणक घेतला आणि १९१८ मध्ये जे बिनचूक जमत होतं ते हरवून बसलो.

हे टाळता आलं असतं. इस्की नावाचा भारतीय लिप्यांचा एकच संकेत १९९१ मध्ये प्रमाण म्हणून ठरलेला होता. पुण्याच्या सीडॅकने त्यावर काम केलं होतं. युनिकोडही १९९१ चंच. त्यात देवनागरीसाठी १२८ जागा राखलेल्या. १९८२ च्या त्या अरुंद रुळावर सगळ्या मेलसाठी मिळून होत्या तेवढ्याच जागा आता एकट्या आपल्या लिपीला. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली, मंगल हा फाँट आला. त्याची अक्षरं रेखणारे र. कृ. जोशी, आपले मराठी कवी, अक्षरांत बुडून गेलेला माणूस. म्हणजे रस्ता २००० मध्येच तयार होता. आपण त्यावरून गेलो नाही. हाताला टाइपरायटरची सवय, दुकानात विकत घेतलेलं जुनं सॉफ्टवेअर, प्रेसवाल्याचा आग्रह. ही कारणं मला कळतात. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रेमिंग्टनच्या कळपाटीवर बोटं बसवलेल्या माणसाला एका दिवसात दुसरी कळपाटी देता येत नाही. पण तीच जुनी मांडणी युनिकोडमध्येही वापरता येते, बोटं बदलावी लागत नाहीत. हे त्याला सांगायला कुणी गेलं नाही, याचा मला राग आहे.

आणि आता आत्या.

माझी आत्या दारव्ह्याची. शकुंतलेत बसून माहेरी यायची. तिला जात्यावरच्या ओव्या येत होत्या, तिच्या सासूच्या, आजेसासूच्या. तिने दोन शाळेच्या वह्यांत त्या पेन्सिलने उतरवल्या होत्या. २००३ मध्ये मी त्या वह्या इथल्या एका डीटीपीच्या दुकानात नेल्या, टाइप करून घेतल्या, एक प्रत आत्याला दिली आणि फाइल मला स्वतःलाच मेल करून ठेवली. मनात म्हटलं, आता काळजी नाही. कागद जळेल, भिजेल, मेल कुठे जातो!

आत्या गेली. छापील प्रत कुणीतरी वाचायला नेली ती आली नाही. दारव्ह्याच्या घरातल्या त्या वह्यांना वाळवी लागली. २०२१ मध्ये आतेभावाच्या मुलीचं लग्न ठरलं. घरातल्या बायांनी ओव्या मागितल्या. मी मेल उघडला. अठरा वर्षांपूर्वीचा मेल जागच्या जागी होता. जोडलेली फाइल उतरली, उघडली. आत अर्धविराम, कंस, इंग्रजी अक्षरं. पानामागून पान. माझ्या आत्याचा आवाज त्यात होता आणि मला एक शब्द वाचता येत नव्हता.

कोणता फाँट होता ते ठाऊक नाही. ते दुकान केव्हाच बंद झालं होतं. मी रात्रभर बसले. दर ओवीच्या शेवटी येणारी तीच ती अक्षरं बघून "बाई" कुठला असेल ते शोधलं, मग त्यावरून ब, मग आ, मग ई. चार अक्षरं लागल्यावर फाँटाची जात कळली, मग रूपांतर करणारा प्रोग्राम सापडला. सकाळी ओव्या वाचता येऊ लागल्या.

पण पूर्ण नाही. रूपांतर करणारं यंत्र दोन जागी हमखास अडखळतं. पहिली जागा ऱ्हस्व वेलांटी. जुन्या फाँटात ती अक्षराच्या आधी टाइप होते, कारण कागदावर ती आधी दिसते. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने, अक्षरानंतर. यंत्र तिला उचलून पुढे नेतं आणि जोडाक्षर मध्ये आलं की चुकीच्या घरात सोडतं. दुसरी जागा आपल्या मराठीची खास. ऱ्य. पापणीसारखा अर्धा र. हिंदीला तो लागत नाही, म्हणून हिंदीसाठी बनवलेल्या यंत्राला त्याची पर्वा नसते. आचाऱ्याला जेवण करायला बोलवा आणि आचार्य दारात उभे राहतील! त्यात भर म्हणून हा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. मजकूर या यंत्रातून त्या यंत्रात जाताना एखादा प्रोग्राम ते चिन्ह कचरा समजून झाडून टाकतो. पापणी गळते, रफार उरतो, आणि शब्दाचा अर्थ बदलतो. काही लाल होत नाही, कुठे चौकोन दिसत नाही. बिघाड दिसतच नाही, म्हणून तो सगळ्यात वाईट.

६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची वळणं ठरवून दिली. आपला ल कसा, श कसा. चांगलं केलं. पण त्याच अक्षरांतून घडलेली, जुन्या फाँटांत अडकलेली लाखो पानं कोण सोडवणार? तालुक्यातालुक्यांतल्या शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, गावोगावच्या कवींचे संग्रह, कोलामी आणि गोरमाटी गाण्यांच्या देवनागरीत उतरवलेल्या वह्या. यवतमाळात साहित्य संमेलन दोनदा भरलं. १९७३ ला ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते, २०१९ ला अरुणा ढेरे. १९७३ ची छापील पानं आजही कुणीही वाचू शकतं. त्यानंतर संगणकावर जे जे जुळवलं गेलं त्यातलं किती वाचता येईल, हे ज्याने त्याने आपापली जुनी सीडी काढून बघावं. आजच बघावं, कारण सीडी घालायची खाचही आता लॅपटॉपला राहिलेली नाही.

माझी मागणी मोठी नाही. लोकांना पाठवायचा मजकूर युनिकोडमध्येच लिहा. छापखान्यासाठी जुना फाँट लागत असेल तर तो छापखान्यात ठेवा, मेलमध्ये आणू नका. पीडीएफ करताना फाँट आत बसवा, म्हणजे समोरच्याकडे फाँट नसला तरी पान तसंच दिसेल. पीडीएफमधून एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवून बघा. तिथे मराठी आली तर फाइल खरी मराठी आहे. नाहीतर ते मराठीचं चित्र आहे, शोधायला गेलं तर त्यात काही सापडणार नाही. फाइलचं नाव मराठीत असावं असं मलाही वाटतं, पण ते आटोपशीर ठेवा. लिनक्स आणि अँड्रॉइड नावाला २५५ बाइट देतात. आपलं अक्षर तीन बाइट खातं, मात्राही तीन, म्हणजे पंच्याऐंशीत खेळ आटोपला. "कापूस नुकसान भरपाई पंचनामा अंतिम सुधारित यादी" यातच चाळीसच्या आसपास गेले. त्यापुढे गावाचं नाव, तारीख असं जोडत गेलं आणि मर्यादा ओलांडली की शेपूट तुटतं, आणि त्या शेपटातच फाइल कशाची आहे ते लिहिलेलं असतं. आणि पाठवल्यावर फोन करा. "उघडली का?" एवढं विचारा. कागद मागवणाऱ्याने आधी सांगावं, पाठवणाऱ्याने नंतर विचारावं.

झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलाचं काम झालं. त्याला फोटोची गरजच नव्हती. तलाठ्याच्या डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून सरळ उतरवून घेता येतो. दुकानदाराने तो उतरवला. मी नाव दिलं: सातबारा, गावाचं नाव, गट क्रमांक. रेघ नाही. उघडून बघितलं तर सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह. मुलाचा चेहरा उतरला. त्याला सांगितलं, सही खोटी नाही, या संगणकाला सही करणाऱ्याची ओळख अजून पटवलेली नाही. ओळख पटवली की बरोबरची खूण येते. दोन क्लिक केले, हिरवी खूण आली. तिकडेही प्रश्नचिन्ह दिसेल, म्हणून मेलमध्ये तेही दोन ओळींत लिहून दिलं. मग त्याने कार्यालयात फोन लावला आणि फाइल उघडेपर्यंत ठेवला नाही. "उघडली म्हन्तेत," असं म्हणत त्याने पिशवी उचलली आणि कळंबच्या गाडीसाठी निघून गेला.

आतेभावाच्या मुलीच्या लग्नाच्या आदल्या रात्री दारव्ह्याला वहिनीने माझ्याकडून ओव्यांची फाइल मोबाइलवर घेतली. चष्मा लावून वाचायला बसली. वाचता वाचता ती गुणगुणायला लागली, आत्याच्याच चालीत, जात्याला हात असावा तसा उजवा खांदा हलत होता. विसाव्या-पंचविसाव्या ओवीला थांबली. मोबाइल डोळ्यांजवळ नेला, पुन्हा एकदा ती ओळ म्हणून बघितली.

"हे काय लिहिलं वो वन्सं? माहेरच्या वाटेवर दर्या? आपल्या इकडं समुद्र कुठून आला? दऱ्या हाय थ्या. आत्याबाई दऱ्याच म्हनत."